उदरातील रोहिणीविस्फार

वसंत ऋतूतील व्याख्यानांना वैद्यकावर बोलावयास येणारे वक्ते बहुधा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे घरोघरचे विषय निवडतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही निवडलेला विषय तसा नाही. येथे बसलेल्या मंडळींपैकी बहुतेकांच्या वाट्याला हा विकार कधीच यावयाचा नाही. शिवाय उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार घटका वाऱ्याला बसून ऐकावा इतका तो आल्हाददायकही नाही. तरीही तो आम्ही घेतला, याचे कारण एका सकाळची हकीकत आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढील शास्त्र नुसते शास्त्र वाटणार नाही.

पंधरा-सोळा वर्षे होऊन गेली. आम्ही त्या वेळी एका तालुक्याच्या गावी काम करीत होतो. तिसऱ्या खेपेची, आठवा महिना लागलेली एक बाई सकाळी भाकऱ्या थापीत असता डाव्या बरगडीखाली एकाएकी कळ येऊन चुलीपाशीच कोसळली. घरच्यांनी तोंडावर पाणी मारले, आडवे निजविले, आणि दहा-पंधरा मिनिटांत ती उठून बसली. आमच्याकडे आणली तेव्हा चेहरा थोडा उतरलेला, नाडी किंचित जलद, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन ठीक, बाळाचे ठोकेही ठीक. डावा खांदा दुखतो, असे ती दोनदा म्हणाली. "कुशीवर निजून अवघडला असेल," असे आम्ही तिच्या सासूबाईंना सांगितले. पित्ताचे औषध दिले, दोन तास समोर ठेवून घेतले आणि घरी पाठविले.

दुपारी चारच्या सुमारास ती रिक्षातून परत आली ती पांढरीफटक होऊन. नाडी हाताला लागत नव्हती. वार सुटली असावी या समजुतीने पोट उघडले, तो आत रक्तच रक्त. गर्भाशय मात्र शाबूत होते. रक्त येत होते ते वरून, जठराच्या मागून. तेथे प्लीहेकडे जाणाऱ्या रोहिणीवर सुपारीएवढा फुगा होता आणि तो फुटला होता. बाई वाचली. मूल वाचले नाही.

त्या सकाळी तिच्या शरीराने आम्हाला निदान तीन खुणा सांगितल्या होत्या, आणि तीनही आम्ही ऐकून सोडून दिल्या. त्या खुणांचा अर्थ काय होता, हाच आजचा विषय होय.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरून घेऊ. आपल्या रोजच्या बोलण्यात 'नस' या एका शब्दावर तिघांची सोय लागलेली असते : हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी, हृदयाकडे रक्त आणणारी नीला आणि संवेदना वाहणारा मज्जातंतू. आज आपल्याला काम आहे ते रोहिणीशी. कित्येक जण तिलाच धमनी म्हणतात. रोहिणीची भिंत तीन पदरांची असते. आतला पदर गुळगुळीत, बाहेरचा चिवट, आणि मधला स्नायूंचा व लवचिक तंतूंचा. हृदयाचा प्रत्येक ठोका हा या भिंतीवर बसणारा एक धक्का असतो, आणि तो झेलून पुन्हा मूळ आकाराला येण्याचे काम मुख्यतः मधल्या पदराचे. हा मधला पदर एखाद्या ठिकाणी झिजला, की भिंत तेथे बाहेर फुगू लागते. या फुगवट्याला रोहिणीविस्फार म्हणतात.

जुन्या सायकलच्या ट्यूबला आलेला फुगा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हवा सगळ्या ट्यूबमध्ये सारख्याच दाबाची असते, पण फुगतो तो तेवढाच भाग, आणि एकदा फुगला की अधिकाधिक फुगत जातो. असे का व्हावे? फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावाने ओळखला जाणारा नियम याचे उत्तर देतो. भिंतीवरील ताण हा आतील दाबाबरोबर वाढतो तसाच नळीच्या त्रिज्येबरोबरही वाढतो, आणि भिंत जितकी पातळ तितका तिच्या प्रत्येक तंतूला तो अधिक सोसावा लागतो. म्हणजे नळी फुगली की ताण वाढला. ताण वाढला की भिंत आणखी ताणून पातळ झाली. आणि पातळ झाली की पुन्हा ताण वाढला. कर्जावरील चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. सगळ्यांचे दिवाळे निघत नाही, पुष्कळ फुगे वर्षानुवर्षे आहेत तेवढेच राहतात हे खरे. पण ज्यांचे निघते त्यांचे एकाएकी निघते.

पोटातील विस्फाराचे सर्वांत प्रसिद्ध रोगी म्हणजे आल्बर्ट आईनस्टाईन. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने त्यांचे पोट उघडले, तेव्हा महारोहिणीवर मोठा फुगा आढळला. फुगा कापून काढून तेथे कृत्रिम नळी बसविण्याची विद्या त्या वेळी हाती नव्हती. म्हणून निसेनने फुग्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या कागदाने भोवतालच्या पेशी चिडाव्यात आणि तेथे घट्ट वण तयार होऊन भिंतीला आधार मिळावा, अशी कल्पना होती. त्यानंतर आईनस्टाईन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि १८ एप्रिलला त्यांचे देहावसान झाले.

पण महारोहिणी हा पोटातील हमरस्ता झाला. तिचा विस्फार तुलनेने वारंवार आढळतो. तो बहुधा उतारवयातील, धूम्रपान केलेल्या पुरुषांत दिसतो आणि डॉक्टरमंडळी त्याच्या पाळतीवर असतात. आपला विषय या हमरस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांचा आहे. महारोहिणी मध्यपटल ओलांडून पोटात उतरली, की लगेच तिला एक आखूड, जाड खोड फुटते आणि त्याच्या तीन फांद्या होतात. एक जठराकडे, एक यकृताकडे आणि एक प्लीहेकडे जाते. त्याच्या थोडे खाली लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागाला रक्त पुरविणारी रोहिणी निघते, आणि आणखी खाली मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागाची. आपण स्वस्थ बसलेले असताना हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या फांद्यांतून जातो. तेव्हा यातील एखादी फांदी फुटली तर काय होईल हे निराळे सांगावयास नको.

या फांद्यांवर येणारे विस्फार विरळा असतात, आणि त्यांपैकी सुमारे साठ टक्के एकट्या प्लीहेच्या रोहिणीवर येतात. त्याच्या खालोखाल यकृताच्या रोहिणीचा क्रम लागतो. प्लीहेची रोहिणी चमत्कारिक आहे. ती सरळ जात नाही; स्वादुपिंडाच्या वरच्या काठाने घाटातल्या रस्त्यासारखी वळसे घेत जाते. १७७० मध्ये बोसिए नावाच्या फ्रेंच वैद्याने एका शवाच्या तपासणीत या रोहिणीचा विस्फार प्रथम नोंदविला, आणि पुढे दीर्घकाळपर्यंत तो बहुतेक शवविच्छेदनातच सापडत राहिला. इतर बहुतेक विस्फारांत पुरुषांचा भरणा असतो. येथे मात्र एका पुरुषामागे सुमारे चार स्त्रिया आढळतात, आणि त्यांतही बऱ्याच अनेक बाळंतपणे झालेल्या.

याची कारणे अशी सांगतात. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्ताचे आकारमान बरेच वाढते, आणि प्लीहेकडील प्रवाहही वाढतो. त्याच वेळी प्रसूतीसाठी सांधे व ऊती सैल करणारे जे अंतःस्राव शरीर तयार करते, ते रोहिणीच्या लवचिक तंतूंनाही सैल करतात. निसर्गाने एका कामासाठी दिलेली ढील दुसरीकडे महागात पडते. प्रत्येक गर्भारपणात ही झीज थोडी थोडी साचत जाते. यकृत घट्ट होऊन ज्यांच्या पोटातील नीलांमध्ये दाब वाढलेला असतो, त्यांतही प्लीहा वाढते, तिच्याकडील प्रवाह वाढतो आणि असाच विस्फार होतो.

आता त्या बाईच्या तीन खुणांकडे वळू.

पहिली खूण म्हणजे घेरी येऊन पुन्हा बरे वाटणे. जठराच्या मागे एक चपटी, मिटलेली पिशवी असते. बाकीच्या पोटाशी तिचा संबंध एका अरुंद वाटेनेच येतो. जेकब विन्स्लो या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसला शिकविणाऱ्या शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती वाट ओळखली जाते. प्लीहेच्या रोहिणीवरील फुगा फुटला म्हणजे रक्त पुष्कळदा प्रथम या पिशवीत साचते. पिशवी भरली, रक्ताच्या गुठळ्यांनी ती अरुंद वाट बुजली, की आतला दाब वाढून रक्तस्राव आपोआप थांबतो. गळक्या नळावर कोणी तळहात दाबून धरावा तसे होते. रोगी सावरतो. घरचे म्हणतात, बरे झाले, चक्कर होती, गेली. आणि डॉक्टरही तेच म्हणतात. काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनी, त्या गुठळ्या हटतात, वाट मोकळी होते, आणि रक्त साऱ्या पोटात धावते. मग मात्र घटका मोजावयाच्या. याला दुहेरी फाट म्हणतात. फुटलेल्या विस्फारांपैकी सुमारे चतुर्थांशांत हा मधला अवकाश मिळतो. हा अवकाश म्हणजे रोग्याला वाचविण्याची सर्वांत मोठी संधी; पण तो इतका निरोगीपणाच्या वेषात येतो, की त्याला कोणी संधी म्हणून ओळखत नाही. आमचे दोन तास असे गेले.

दुसरी खूण खांद्याची. पोटातल्या रक्तस्रावाने खांदा का दुखावा? मध्यपटल हा छाती आणि पोट यांमधील पडदा. पण त्याचा मज्जातंतू निघतो तो थेट मानेतून. गर्भावस्थेत हा पडदा मानेजवळ तयार होतो आणि मग खाली सरकतो. सरकताना आपला मज्जातंतू बरोबर घेऊन येतो, माहेरचा पत्ता न बदललेल्या सासुरवाशिणीसारखा. खांद्याच्या कातडीची संवेदनाही पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या त्याच भागात पोहोचते. त्यामुळे सांडलेले रक्त मध्यपटलाच्या डाव्या बाजूला लागले, की मेंदूची फसगत होते आणि दुखणे डाव्या खांद्यात आहे असे त्याला वाटते. हान्स केर या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ही खूण प्रत्येक वैद्यक-विद्यार्थी पाठ करतो. आम्हीही केली होती. परंतु पाठ केलेली गोष्ट आणि भाकऱ्या थापता थापता कोसळलेल्या बाईच्या तोंडून ऐकलेली गोष्ट या दोहोंची गाठ त्या सकाळी पडली नाही.

तिसरी खूण अधिक फसवी, कारण ती 'सर्व ठीक' असे सांगणाऱ्या आकड्यांत दडलेली होती. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील पाऊण लिटर गेले तरी तरुण, सशक्त माणसात रक्तदाब जवळजवळ जागचा हलत नाही. शरीर हातापायांच्या रोहिण्या आवळून घेते, नाडी थोडी वाढविते आणि घरातली चणचण बाहेर दिसू देत नाही. तीस टक्क्यांच्या पुढे तोटा गेला म्हणजे रक्तदाब ढासळतो. गर्भारपणात तर रक्त आधीच वाढलेले असल्यामुळे हे सोंग आणखी लांबते. राहिले हिमोग्लोबिन. पेल्यातले अर्धे सरबत सांडले तरी उरलेल्याची गोडी तीच राहते. त्यात पाणी ओतले म्हणजे ती उतरते. तसेच रक्ताचे. सांडते ते सबंध रक्त. उरलेल्यातील हिमोग्लोबिनचे प्रमाण तेच. पुढे ऊतींमधील पाणी आत शिरून, किंवा शिरेतून सलाईन देऊन, रक्त पातळ होते तेव्हा कोठे तो आकडा खाली येतो. घेरी आल्यानंतर तासाभरात केलेली हिमोग्लोबिनची तपासणी ठीक निघाली म्हणून आत रक्त सांडले नाही असे धरून चालता येत नाही. किंचित जलद नाडी हाच त्या दिवशीचा खरा आकडा होता.

गर्भारपणात असा फुगा फुटला तर जुन्या नोंदींप्रमाणे दहांतील सुमारे सात माता दगावत, आणि मुले तर दहांतील नऊ किंवा त्याहूनही अधिक. पुष्कळदा निदान पोट उघडल्यावरच होते, कारण वार सुटणे, गर्भाशय फाटणे, फुप्फुसात गुठळी अडकणे हे अधिक परिचयाचे संशयित आधी पुढे उभे असतात.

आता इतर गल्ल्यांकडे धावती नजर टाकू. यकृताच्या रोहिणीवरील फुगा कधीकधी पोटात न फुटता पित्तनलिकेत फुटतो. मग रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरते. उजव्या बरगडीखाली कळ, कावीळ आणि डांबरासारखी काळी शौच अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली की हा संशय घ्यावा, असे क्विन्के या जर्मन वैद्याने १८७१ मध्ये लिहून ठेवले. स्वादुपिंडाचा दाह झालेल्यांत, विशेषतः अतिमद्यपान करणाऱ्यांत, निराळाच प्रकार घडतो. अन्न पचविण्यासाठी असलेले पाचकरस बाहेर झिरपून शेजारच्या रोहिणीची भिंतच खातात. भिंतीला भोक पडते आणि बाहेर आलेल्या रक्ताला केवळ भोवतालच्या ऊती थोपवून धरतात. याला खोटा विस्फार म्हणतात. नाव खोटे, पण धोका खऱ्यापेक्षा मोठा, कारण येथे तीन पदरांपैकी धड एकही शिल्लक नसतो. हे रक्त कधी स्वादुपिंडाच्या नलिकेतून थांबून थांबून आतड्यात येते. दुर्बिणीने जठर पाहावे तर तेथे काहीच सापडत नाही, आणि रोगी महिनोन्महिने रक्ताच्या बाटल्या घेत राहतो.

आम्हाला स्वतःला सर्वांत उद्बोधक वाटतो तो स्वादुपिंड आणि आद्यांत्र यांच्यामधील बारीक रोहिण्यांचा विस्फार. वर सांगितलेले ते आखूड खोड काही लोकांत मध्यपटलाच्या एका पट्ट्याने दाबले जाते. हमरस्त्यावर नाकेबंदी झाली की गाड्या बोळांतून जाऊ लागतात, तसे यकृताकडचे रक्त खालच्या रोहिणीतून या बारीक बोळांमार्गे उलटे वर जाते. बोळ त्या रहदारीसाठी बांधलेले नसतात. भिंती ताणतात, फुगे येतात. हे फुगे वाटाण्याएवढे असतानाही फुटू शकतात. म्हणून येथे आकार पाहून निर्णय घेण्यात अर्थ नसतो.

आकाराचा प्रश्न प्लीहेच्या बाबतीत मात्र महत्त्वाचा. हल्ली पोटाचे सीटी स्कॅन भलत्याच कारणासाठी केले जाते आणि अहवालात एका ओळीत असा फुगा निघतो. काही वेळा साध्या क्ष-किरण चित्रातही डाव्या बरगडीखाली चुन्याचे बारीक कडे दिसते. जुने डॉक्टर त्याला मुद्रिकेची उपमा देत. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. काहीही त्रास न देणारे लहान फुगे बहुतेक फुटत नाहीत. पूर्वी २ सेंटिमीटर ही उपचाराची मर्यादा मानीत; रोहिणीरोगांच्या अमेरिकन शल्यविशारद संस्थेने २०२० मध्ये ती प्लीहेसाठी ३ सेंटिमीटर केली. परंतु पुढे मूल होण्याचा संभव असलेल्या स्त्रीत आकार कितीही असो, उपचार करावा, असे त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. खोटा विस्फार, दुखणारा विस्फार आणि वर सांगितलेला बोळांतील विस्फार यांनाही तोच नियम. ज्या घरात मुलगी वा सून बाळंतपणाच्या वयाची आहे आणि तिच्या अहवालात ही ओळ आहे, त्यांनी ती ओळ घडी घालून कपाटात ठेवू नये.

उपचाराची तऱ्हाही पार बदलली आहे. १९५३ मध्ये सेल्डिंगर या स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञाने सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवून रोहिणीत शिरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. आज जांघेतून किंवा मनगटातून तशीच नळी सरकवीत फुग्यापर्यंत नेतात आणि तेथे प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी सोडतात. त्या वेटोळ्यांवर रक्त गोठते आणि फुगा बंद होतो. यातील मेख अशी की फुग्याचा नुसता पुढला दरवाजा बंद करून भागत नाही. पोटातील रोहिण्या एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे रक्त मागल्या दाराने परत येते. म्हणून फुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे वेटोळी ठेवावी लागतात. गंमत अशी, की अँटिलस नावाच्या ग्रीक शल्यवैद्याने सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हातापायांवरील विस्फारांसाठी हेच सांगितले होते : वर बांधा, खाली बांधा, मग फुगा उघडा. प्लीहेला जठराकडून येणाऱ्या आखूड रोहिण्यांचेही रक्त मिळते, त्यामुळे मुख्य रोहिणी बंद केली तरी ती बहुधा जगते. आतड्याच्या मुख्य रोहिणीचे तसे नाही. ती बंद केली तर आतडे मरते. तेथे आतून अस्तर लावलेली नळी बसवावी लागते, किंवा पोट उघडून रक्ताला दुसरी वाट करून द्यावी लागते.

फुगा फुटून रोगी कोसळलेला असेल, आणि जवळपास ही सोय नसेल, तर मात्र आजही सुरी हाच उपाय. रक्ताच्या बाटल्या, भूलतज्ज्ञ आणि पोट उघडणारा माणूस एका छपराखाली असावा लागतो. तालुक्याच्या गावी हे तिन्ही दुपारी चार वाजता एकत्र मिळाले हे त्या बाईचे भाग्य. त्यात आमच्या कर्तबगारीचा भाग थोडा, आणि सकाळच्या चुकीचा मोठा.

ती अजून वर्षातून एखादे वेळी भेटते. प्लीहा काढलेल्या माणसाला काही जंतूंचा, विशेषतः न्यूमोनियाच्या जंतूंचा, संसर्ग फार वेगाने होतो. म्हणून तिला त्यांच्या लसी टोचल्या आहेत आणि त्यांची तारखांनिशी नोंद असलेले पुठ्ठ्याचे कार्ड ती पिशवीत बाळगते. साधी कणकण आली तरी ती घरी काढा घेत बसत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठते. मागल्या खेपेस तिची थोरली मुलगी बरोबर होती. आईचे कार्ड तिने आमच्यासमोर धरले आणि पुढची लस कधी, असे विचारले. एक टोचणी पाच वर्षांनी पुन्हा घ्यावयाची राहिली होती. ती आम्ही तेथेच दिली.